१५ हजार रुपये, दुखणारी सीट आणि २०० किलोमीटर: आधी काय घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी बरोबर समजले का ते तुम्हाला कळेल. तुम्ही साताऱ्याला राहता, शाळेत शिकवता. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६१ किलो. सात महिन्यांपूर्वी २६ हजारांची हायब्रिड सायकल घेतलीत. दुकानात एस साइझ शिल्लक नव्हती म्हणून ‘सीट खाली केली की झालं’ असं सांगून एम दिली. रोज शाळेत जाऊन-येऊन १८ किलोमीटर, रविवारी यवतेश्वरचा घाट. जानेवारीत २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे आणि त्यासाठी १५ हजार बाजूला ठेवलेत. यादी अशी: सीटवर घालायचं जेल कव्हर, २५ मिलिमीटरचे बारीक टायर, सात गिअरच्या जागी दहाचा सेट, क्लीटची म्हणजे बूट अडकवायची पॅडल आणि त्याचे बूट, जर्सी, मीटर. महिन्याला दोन पंक्चर होतात हेही लिहिलंत. आणि अगदी शेवटी एका ओळीत, तासाभरानंतर हात बधिर होतात आणि सीटवर ‘पुढच्या बाजूला’ दुखतं, पण दुकानात हे कुणाला विचारायचं?

तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. यादीतलं सगळं घेतलंत तरी ते दुखणं राहील, आणि दुखत असेल तर जानेवारीत शंभराव्या किलोमीटरला तुम्ही उतराल. म्हणून मी यादीच्या क्रमाने न जाता दुखण्यापासून सुरुवात करते.

माझ्याबद्दल थोडं. वडिलांचं पुण्यात सायकलचं दुकान होतं, तासावर भाड्याने सायकली द्यायचे ते. पंक्चर काढणं, छर्रे बदलणं, चाक सरळ करणं मी तिथेच शिकले. गेली सतरा वर्षं मी दुरुस्तीबरोबर सायकल अंगाला बसवून द्यायचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत. तुमच्यासारखा संकोच त्यातल्या बहुतेकींना असतो. जांघेत, पुढच्या भागात दुखणं, बधिरपणा, कातडी सोलवटणं हे सगळं सायकलवर होतं, ते मोकळेपणाने बोललं पाहिजे आणि त्यावर उपाय आहेत. सूज, गाठ किंवा जखम असेल तर मात्र सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिली पायरी फुकट आहे. घरात भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा. एक जाड पुस्तक पायांमध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या दाबाने घट्ट धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ७२ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणा, ६३.६ येतात. क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्यांच्या, अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या दांड्याला धरून, साधारण एवढं अंतर हवं. हे सूत्र सगळ्यांना तंतोतंत बसत नाही, बुटाचा तळ आणि पॅडलची जाडी यांनी अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. पण सुरुवातीला पुरतं. पडताळायचं असेल तर भिंतीला टेकून सायकलवर बसा आणि टाच पॅडलवर ठेवून पॅडल खालच्या टोकाला न्या. पाय जेमतेम सरळ व्हावा. कंबर एका बाजूला कलत असेल तर सीट उंच आहे, गुडघा वाकलेला राहत असेल तर खाली आहे.

तुमची सीट बहुधा खाली असणार. फ्रेम मोठी वाटली की माणूस पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली घेतो. मग पाय पूर्ण उलगडत नाहीत, अंगाचा भार पायांवर न येता सगळा सीटवर बसतो आणि गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय करा, आठवडाभरात जमते.

मग सीटचं नाक. भिंतीपाशी सायकल सपाट जमिनीवर उभी करा, सीटवर लांब पट्टी ठेवा आणि मोबाइलमधला लेव्हल त्यावर ठेवून बघा. सीटचं टोक वर असेल तर पुढे दुखण्याचं कारण तुम्हाला सापडलं. सपाट करा, हवं तर एक-दोन अंश खाली. त्याहून जास्त खाली करू नका, कारण मग तुम्ही सारख्या पुढे घसरता आणि स्वतःला मागे ढकलण्यासाठी हातांवर जोर देता. हात बधिर व्हायचं ते एक नेहमीचं कारण आहे.

आता एम साइझबद्दल. इथे मला परिस्थिती पाहिल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही, कारण एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीच्या एसएवढी असते. सायकलच्या वरच्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा, बूट घालून. नळी आणि शरीर यांच्यात दोन-तीन बोटं जागा असेल तर सायकल सांभाळून घेता येईल. नळी अंगाला टेकत असेल तर कितीही पार्ट बदलले तरी ती तुमची सायकल होणार नाही. तसं असेल तर तुमचे १५ हजार तसेच ठेवा, ही विका आणि आपल्या मापाची घ्या. वाईट वाटेल, पण चुकीच्या मापाच्या फ्रेमवर पैसे घालत राहणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणींनी वर्षभरात सायकल चालवणंच सोडलं.

जागा आहे असं धरून पुढे जाते. तुमची अडचण बहुतेक लांबीची असणार, म्हणजे हँडल लांब पडतं. हात ताणले जातात, कोपर सरळ राहतात, रस्त्याचा प्रत्येक धक्का तळव्यात येतो, आणि ओटीपोट पुढे झुकल्यामुळे सीटवर जो भाग टेकायला नको तोच टेकतो. हात आणि सीट ही तुमची दोन दुखणी एकाच कारणाची असू शकतात. यावर लोक सीट पुढे सरकवतात. ते करू नका. सीटची जागा पायांच्या हिशेबाने ठरते, हँडलच्या नाही. बदलायचा तो स्टेम, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणारा तुकडा. हायब्रिडवर तो बहुधा ९० मिलिमीटरच्या आसपास असतो, तुम्ही ६० चा आणि थोडा वर उचललेला घ्या. ६०० ते ९०० रुपयांत मिळतो. घेण्याआधी हँडलची मधली जाडी मोजा, ती ३१.८ किंवा २५.४ मिलिमीटर असते. चुकीच्या मापाचा स्टेम आणलात तर परत करायला जावं लागेल. हँडल खांद्यांपेक्षा फारच रुंद असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं हँडल दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापून मिळतं, कुठल्याही बऱ्या मेकॅनिकला पाइप कटरने पाच मिनिटं लागतात.

हाताचा बधिरपणा कुठल्या बोटांत येतो ते बघा. करंगळी आणि अनामिकेत येत असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय. त्यावर तळव्याला आधार देणाऱ्या पसरट ग्रिप्सचा उपयोग होतो. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत येत असेल तर मनगट मागे मोडतंय, ब्रेकच्या मुठी किंचित खाली फिरवा, म्हणजे मनगट हाताच्या रेषेत राहील. रात्री झोपेतही मुंग्या येत असतील तर तो सायकलचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे. ग्लोव्ह्ज घ्याच, पण जाड जेलचे नकोत. जाड गादीमुळे हँडल आणखी जाड होतं, लहान हातांना ते धरायला जास्त जोर लागतो.

आता सीट. यादीतलं जेल कव्हर पहिल्यांदा खोडा. मऊ गादीवर बसलं की बसण्याची दोन हाडं आत रुततात आणि गादी मध्ये फुगून नेमकी नाजूक भागाला टेकते. दुकानात अंगठा दाबून बघताना जी सीट छान वाटते ती चाळीस किलोमीटरनंतर सगळ्यात जास्त छळते. भार हाडांवर यायला हवा आणि त्यासाठी सीटची रुंदी तुमच्या हाडांना जुळायला हवी. हे मोजायला यंत्र लागत नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, सायकलवर झुकता तेवढं पुढे झुका, टाचा थोड्या उचला आणि मिनिटभर तशाच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर पुठ्ठ्यावरून आडवी पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, खळग्यांत रंग उतरणार नाही. दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. सरासरीने बायकांचं हे अंतर पुरुषांपेक्षा जास्त असतं, पण तो सरासरीचा हिशेब आहे. माझ्याकडे आलेल्या एका सडपातळ मुलीचं माप तिच्या धिप्पाड भावापेक्षा जास्त निघालं होतं. म्हणून ‘लेडीज सीट’ लिहिलेलं बघून घेऊ नका, मोजून घ्या.

मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी घट्ट, तुमच्या मापाची सीट १,२०० ते २,५०० रुपयांत मिळेल. सीट हा एकच पार्ट असा आहे जो मी वापरलेला घ्यायला सांगते. लोक एखादी सीट आणतात, दोन राइडमध्ये ती त्यांना जमत नाही आणि ती कपाटात पडून राहते. तुमच्या सायकल ग्रुपवर ‘अमुक रुंदीची सीट कुणाकडे पडून आहे का, आठवडाभर वापरून बघते’ असं विचारा. कुणीतरी नक्की देईल. घरी बसून पाच मिनिटांत सीटचा निकाल लागत नाही, किमान तीन राइड द्या.

सीटच्या जोडीला पॅडवाली शॉर्ट. तुमच्या यादीत जर्सी आहे आणि शॉर्ट नाही, हे उलटं झालंय. जर्सीच्या जागी पॉलिएस्टरचा कुठलाही घाम सुकवणारा टी-शर्ट चालतो. शॉर्टला पर्याय नाही. आणि शॉर्ट अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते. हे कुणी सांगत नाही आणि मग शिवण काचून कातडी सोलवटते, पॅडचा सगळा उद्देशच जातो. प्रत्येक राइडनंतर धुवायची, पॅड उलटा करून उन्हात वाळवायची, ओली कधीच घालायची नाही. नुसती शॉर्ट घालून गावातून जायला अवघड वाटत असेल तर वरून सैल पँट किंवा स्कर्ट घाला, माझ्या कित्येक मैत्रिणी तसंच करतात. १,५०० ते २,५०० ची एक चांगली घ्या, स्वस्तातल्या दोन घेऊ नका. स्वस्त पॅड म्हणजे नुसता एकसारखा स्पंज असतो, तो दोन तासांत दबून पापड होतो. चांगल्या पॅडमध्ये हाडांखाली घट्ट आणि बाकी ठिकाणी पातळ अशी वेगवेगळी जाडी असते, दुकानात बोटांनी दाबून ती कळते.

इथपर्यंत पोहोचलात की निम्मं काम झालं. आता रस्त्याकडे येऊ, कारण महिन्याला दोन पंक्चर जास्त आहेत.

टायर बदलण्याआधी पुढचं पंक्चर स्वतः नीट बघा. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर यायला हवं, ही सवय मला वडिलांनी लावली. ट्यूब काढल्यावर घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठे येतात ते दिसलं, की व्हॉल्व्हपासून मोजून टायरवर तीच जागा सापडते. भोक ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला असेल तर काहीतरी टोचलंय. टायरच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरवा. बोटाला न लागणारं बाभळीच्या काट्याचं टोक कापसाच्या तंतूंना अडकतं. महामार्गाच्या कडेने जात असाल तर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार सापडेल, केसाएवढी. हवा भरल्यावर ती आत शिरते आणि हवा काढली की टायरमध्ये मागे दडते. ती नेलकटरने किंवा चिमट्याने ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी बसते. महिन्याला होणारी तुमची दोन पंक्चर म्हणजे एकच तार दोनदा टोचलेली असू शकते. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली असेल आणि आऱ्याचं टोक लागत असेल, तिथे ४० रुपयांची पट्टी पुरते. आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमला चेपली गेली.

तरीही सात महिन्यांच्या वापराने टायरचा मधला भाग सपाट झाला असेल, बारीक चिरा असतील, तर टायर घ्या. पण २५ चे घेऊ नका. बारीक टायर वेगवान ही समजूत रेसिंगवाल्यांनीच सोडून दिली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते २३ मिलिमीटरचे टायर वापरायचे, आता २८ ते ३० वर आलेत. आपल्या रस्त्यांवर बारीक, दगडासारखा फुगवलेला टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि त्या उडण्यात तुमची ताकद जाते. आधीच दुखणाऱ्या हातांना तर तो नकोच. तुमच्या रिमलाही २५ चा नीट बसेल याची खात्री नाही, कारण हायब्रिडची रिम आतून रुंद असते. ३२ किंवा ३५ चे, आत पंक्चर रोखणारा पट्टा असलेले टायर घ्या. श्वाल्बेचे मॅरेथॉन मालिकेतले टायर मी वर्षानुवर्षं लोकांना बसवून देते, वजनाला थोडे जड पण काट्यांना दाद देत नाहीत. परवडत नसतील तर साधा टायर आणि आत टायर लायनरची पट्टी हाही चांगला मार्ग आहे.

घेताना टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. ३७-६२२ असं काही दिसेल आणि त्याच टायरवर ७००×३५ सुद्धा छापलेलं असेल, त्याने गोंधळू नका. दुसरा आकडा, ६२२, तुमच्या रिमशी जुळायलाच हवा. पहिला आकडा रुंदीचा आहे, त्यात थोडं मागेपुढे चालतं. हवा तुमच्या वजनाला ३५ च्या टायरमध्ये मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआयपासून सुरू करा आणि आठवड्यातून एकदा तरी भरा. गेज असलेला उभा पंप घरात असणं हे सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी साहित्य आहे. आधी तुमचा व्हॉल्व्ह बघा, जाड मोटारसायकलसारखा की बारीक, वरचा स्क्रू सोडायचा. पंप आणि जास्तीच्या ट्यूब त्याच हिशेबाने घ्या.

गिअरबद्दल मला तुम्हाला थांबवायचंय, कारण यादीत सगळ्यात जास्त पैसे तिथेच जाणार आहेत. २६ हजारांच्या सात गिअरच्या सायकलवर मागे बहुतेक फ्रीव्हील असतं, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा हबवर, चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्याने बसवलेला. दहाचा सेट कॅसेटचा असतो, तो वेगळ्या हबवर सरकवून बसतो. म्हणजे दहा गिअरसाठी कॅसेट, चेन, मागचं डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), शिफ्टर (हँडलवरून गिअर बदलायचा) आणि वर नवं हब, बहुतेक वेळा पूर्ण मागचं चाकच. १५ हजार त्यातच संपतील. आणि हाताला काय लागेल? गिअर जास्त झाले म्हणजे चढ सोपा होतो असं नाही, गिअरमधल्या पायऱ्या लहान होतात एवढंच. चढाला कामाचा असतो सगळ्यात हलका गिअर. तुमच्या सायकलला पुढे ४८-३८-२८ दातांच्या चकत्या आणि मागे मोठी चकती २८ ची असेल तर हलका गिअर एकास एक आहे. यवतेश्वरला त्यातही दम लागत असेल तर ३४ दातांची मोठी चकती असलेलं सात गिअरचंच फ्रीव्हील ६०० ते ९०० रुपयांत मिळतं. डिरेल्युअरला ३४ चालतं का ते त्याच्या मॉडेलवरून बघायचं आणि चेन लांबीला पुरेल का तेही. खंबाटकीचा घाट बसून चढाल.

चेन मात्र तपासा. तिच्याकडे कुणी बघत नाही. स्टीलची फूटपट्टी घ्या, चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, नवी चेन असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो एक षोडशांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेला असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातही खाल्लेत, दोन्ही बदलावी लागतील. सहा, सात आणि आठ गिअरला एकच चेन चालते, ५०० ते ७०० रुपये. तेल कड्यांच्या आत, थेंब थेंब, आणि मग बाहेरून फडक्याने पूर्ण पुसून.

तेलाचा स्प्रे वापरू नका. माझ्या हातून एकदा ही चूक झाली आहे. घाईत उभ्या सायकलच्या चेनवर स्प्रे मारला, त्याचे तुषार ब्रेकच्या डिस्कवर बसले, आणि कात्रजच्या उतारावर मागचा ब्रेक ओरडत राहिला पण धरेना. पुढच्या ब्रेकवर कशीबशी उतरले. डिस्क स्पिरिटने पुसली, पण पॅड टाकूनच द्यावे लागले. तुमच्या सायकलला डिस्क असतील तर त्यापासून तेल लांब ठेवा, आणि जानेवारीआधी पॅडची जाडी बघा. एक मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर बदला.

बीआरएमचा हिशेब बघा, म्हणजे कशावर खर्च करायचा ते आपोआप ठरेल. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात. म्हणजे चहा, जेवण, पंक्चर धरून ताशी १५ ला थोडं कमी. त्यासाठी हलकी सायकल लागत नाही, १३ तास बसवेल अशी सायकल लागते. सकाळी ६ ला निघालात तर मुदत संध्याकाळी साडेसातला संपते आणि जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढचा आणि मागचा दिवा, हेल्मेट आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट याशिवाय तुम्हाला सोडतच नाहीत, आणि ते योग्य आहे.

हेल्मेटच्या आत ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) या सुरक्षा मानकाचं लेबल शोधा. डोक्यावर आडवं, भुवईपासून दोन बोटं वर बसलं पाहिजे. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट पडताना कामाला येत नाही. वेणी किंवा अंबाडा असेल तर हेल्मेट घेताना तसेच केस बांधून जा, मागची फिरकी कुठे बसते ते बघायला. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. ते टाकायचं, आणि जुनं हेल्मेट कुणाकडून घ्यायचं नाही.

पुढचा दिवा गावात दिसण्यासाठी वेगळा आणि अंधाऱ्या रस्त्यावर बघण्यासाठी वेगळा. तुम्हाला दुसरा हवा, ४०० ल्युमेनच्या आसपास, आणि मधल्या पातळीवर तो किमान तीन तास चालायला हवा. मागचा दिवा सीटच्या दांड्यावर लावा, पिशवीवर नको, कारण पिशवी लोंबते आणि दिवा जमिनीकडे तोंड करतो. रात्री तो सतत पेटता ठेवा, मागून येणाऱ्याला लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर नीट कळत नाही.

क्लीटची पॅडल या वर्षी नकोत. सीट, स्टेम आणि क्लीट एकदम बदलले आणि गुडघा दुखायला लागला तर कशामुळे ते कळणार नाही. शिवाय थांबताना खाली उतरायची सवयच तुम्ही नव्याने करणार आहात. रुंद, पकड देणारी साधी पॅडल ५०० ते ८०० त मिळतात. बदलताना एवढं लक्षात ठेवा की डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावून आटे खराब केलेले क्रँक माझ्याकडे दर महिन्याला येतात. मीटरची गरज नाही, मोबाइल पुरतो, फक्त सोबत पॉवर बँक ठेवा.

पैसे असे मांडा. स्टेम आणि ग्रिप्स १,५००. सीट २,०००. शॉर्ट २,०००. हेल्मेट २,०००. दिवे आणि जाकीट २,२००. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅचचं पाकीट, हातपंप, अ‍ॅलन की असलेलं छोटं टूल आणि ते ठेवायची सीटखालची पिशवी, मिळून २,३००. बारा हजार झाले. टायर खरंच झिजले असतील तर उरलेले तीन त्यात, झिजले नसतील तर चेन आणि ब्रेकच्या पॅडला. दुकानागणिक किमती बदलतात, पण क्रम हाच ठेवा. सगळं एका दिवशी आणू नका. आधी फुकटचं सगळं करा, दोन रविवार चालवा, मग स्टेम, मग सीट. प्रत्येक बदलानंतर कुठे दुखतं ते वहीत लिहा. सीटचा दांडा आधी होता तिथे टेपने खूण करून ठेवा, म्हणजे मागे यायची वेळ आली तर जागा सापडेल.

मला तीन आकडे कळवा: पुस्तक धरून मोजलेलं पायांचं माप, पुठ्ठ्यावरच्या खळग्यांमधलं अंतर, आणि नळीवर उभं राहिल्यावर किती बोटं जागा उरते ते. शक्य झालं तर सायकलवर बसलेला, बाजूने काढलेला एक फोटो, चेहरा नको. त्यावरून स्टेम किती लांबीचा आणि सीट किती रुंदीची हे मी नेमकं सांगू शकेन. उघडपणे लिहायला अवघड वाटत असेल तर मला वेगळा निरोप पाठवा.